गाठीतून निघते ती कोण

माझ्या एकाही पत्रकावर काकांनी सही केली नाही. अडीच वर्षं मी त्यांच्या संत तुकाराम नगरमधल्या घरात मागच्या खोलीत भाड्यानं राहिले, काकूंच्या हातचं जेवले, त्यांच्याच सायकलच्या कॅरिअरला गठ्ठे बांधून पिंपरीपासून तळवड्यापर्यंत पत्रकं वाटली. पण सहीसाठी कागद पुढं केला की ते चष्मा कपाळावर ढकलायचे आणि विचारायचे, "ह्यातलं तू सोता काय काय मोजलंयस?"

मला राग यायचा. अन्याय काय पट्टी लावून मोजायचा असतो? आमच्या संघटनेत पत्रक लिहायची एक रीत होती. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत आकडा, शेवटी 'आता तरी जागे व्हा'. आकडा हाताशी नसला तर 'हजारो' लिहायचं. काकांना 'हजारो' हा शब्द सोसायचा नाही. चहात माशी पडल्यासारखं तोंड करायचे. "हजारो म्हंजे किती? दोन हजार बी हजारो, नव्वद हजार बी हजारो. मापात एवढी सूट, एवढा टॉलरन्स तर बैलगाडीच्या चाकाला बी देत न्हाईत."

काका मूळचे तळवड्याचे. आयटीआय करून वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत इन्स्पेक्शनलाच राहिले. ज्या मालाचा निर्णय झालेला नाही त्याला तिथं पिवळी चिठ्ठी बांधतात, तिच्यावर 'होल्ड' छापलेलं असतं. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात. काका पिवळ्या चिठ्ठ्यांचा एक अख्खा खोका घेऊन आले. मग घरात जिथं शंका तिथं चिठ्ठी. लोणच्याच्या बरणीला: 'होल्ड. कारण: मीठ की बुरशी?' पुतण्यासाठी आलेल्या मुलीच्या फोटोला: 'होल्ड. कारण: फोटो किती साली काढला?' माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्याला तर आठवड्यातून एक ठरलेली.

"एक माझ्या बी गळ्यात बांधा," काकू म्हणायच्या. "एवढी वर्षं झाली, पास केलं का रिजेक्ट, अजून कळाना."

"तुझी तपासणी चालू हाय," काका मान वर न करता म्हणायचे.

मान वर न करता, कारण डोळे सूक्ष्मदर्शकाला लागलेले. जुन्या बाजारातून आणलेला तो सूक्ष्मदर्शक त्यांनी स्वतः खोलून, पुसून, स्क्रू बदलून नीट केला होता. सकाळी सातला, पहिल्या शिफ्टच्या ठोक्याला, खिडकीपाशी बसायचे आणि साडेतीनला 'सुटायचे'. दहा वाजता दहा मिनिटं चहा. रविवारी सुट्टी. त्यात सूट नव्हती, आणि ओव्हरटाइमही नव्हता.

ते बघायचे गांधीलमाश्या. आपल्याला डसतात त्या पिवळ्या लांबट नव्हेत. मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, उघड्या डोळ्यांना चिलटासारख्या. या माश्या दुसऱ्या कीटकाच्या अंगात अंडं घालतात. अंड्यातून निघालेली अळी त्या कीटकाला आतून खाऊन वाढते आणि शेवटी त्याच्या रिकाम्या कातड्याला भोक पाडून बाहेर येते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ताबडतोब बाजू घेतली.

"म्हणजे हे सरळ सरळ शोषण झालं."

"व्हय," काका म्हणाले. "पर कोनाचं? अळी तुझं वांगं खाती, ही अळीला खाती. आता पत्रक कोनाच्या बाजूनं काढशील?"

ते खूश झाले. माझा आवाज बंद पडला की त्यांना पोळीवर तूप पडल्यासारखं व्हायचं.

हे वेड त्यांना लागलं कंपनीतच. तिथं एक यंत्र असायचं. त्यात बारीक भाग ठेवला की त्याची सावली पन्नासपट मोठी होऊन काचेच्या पडद्यावर पडायची, आणि सावलीच्या कडा मोजून भाग बरोबर आहे का ते ठरायचं. एके दिवशी काका एका स्क्रूचे आटे तपासत होते. आट्यांच्या सावलीवर एक पाय आला. मग दुसरा. मग मणी ओवल्यासारख्या मिशा, कंबर इतकी बारीक की आता तुटते की मग, आणि पंखांच्या कडेला झालर. काकांनी स्क्रू बाजूला ठेवला आणि तिला मोजायला घेतलं. मिशीचे किती मणी, पावलाचे किती पेर. अर्धा तास गेला. मागं साहेब उभे होते. मेमो मिळाला: कामाच्या वेळेत कंपनीच्या यंत्रावर किडा मोजल्याबद्दल. तो मेमो काकांनी जपून ठेवला होता, कारण त्याच्याच पाठीमागं त्यांनी माप लिहून घेतलं होतं.

"चार पेर का पाच पेर, हे त्या माशीचं पाठ हाय ह्यांना," काकू मला सांगायच्या. "माझ्या हाताला बोटं किती, इचारून बग."

आता पांगाऱ्यांचं सांगते. त्याच्याशिवाय काका कळायचे नाहीत.

तळवड्याच्या रस्त्याला एका कंपनीच्या भिंतीबाहेर अकरा पांगारे ओळीनं उभे होते. आठव्याखाली रफिकचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रा, एक एअर कॉम्प्रेसर आणि गिऱ्हाइकाला बसायला टायरवर टाकलेली फळी. आधी त्याचे वडील तिथं बसायचे, आता तो. झाडाची सावली होती म्हणून दुकान होतं. झाड गेलं की भिंत पुढं सरकणार आणि दुकान जाणार, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

कंपनीनं झाडं तोडायची परवानगी मागितली. कारण दिलं, झाडांना रोग लागलाय, पसरेल. अकराच्या अकरा तोडा. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा: 'रोगाचा बनाव, ट्रकसाठी झाडांचा बळी'. सकाळी गठ्ठ्याला पिवळी चिठ्ठी. 'होल्ड. कारण: खोटं.'

शंका नाही, थेट खोटं. मी चिठ्ठी हातात घेऊन खिडकीपाशी गेले.

"झाडं ठणठणीत हायेत असं लिवलंयस," काका म्हणाले.

"आहेतच."

"पानं बघितलीस?"

"काका, कंपनीला ट्रक लावायला जागा पाहिजे. बाकी सगळं नाटक आहे."

"कंपनीला जागा पाहिजे, हे खरं. झाडं आजारी हायेत, हे बी खरं. दोन्ही खरं असू शकतं की."

त्यांनी मला सायकलवरून तिथं नेलं. मी हजारदा (चुकले, पंधरावीसदा) त्या रस्त्यानं गेले होते, पण वर बघितलं नव्हतं. पानं चुरगळलेली, देठ सुजलेले, पानापानावर गाठी, वाटाण्याएवढ्या. काकांनी एक गाठ ब्लेडनं कापली. आत बारीक बारीक खोल्या आणि खोलीत एकेक पांढरी अळी.

"ही घरमालकीण," ते म्हणाले. "हिची आई पानात अंडं घालती, पान सुजतं, हिला घर मिळतं. झाडाला आजार हिचाच. आता ह्यातल्या काही खोल्यांत भाडेकरीण शिरलेली असती. ती घरमालकिणीला आतून खाती. भाडेकरणी वाढल्या की घरमालकिणी कमी होत्यात आन झाड आपलं आपण सावरतं." मग माझ्याकडं बघून, "म्हणून भाडेकरणीवर माझं लक्ष असतं."

म्हणजे प्रश्न झाडं आजारी आहेत का हा नव्हताच. गाठीतून बाहेर पडते ती कोण, हा होता. आणि पंचाईत अशी की दोघी सारख्याच दिसतात. दोघी चिलटाएवढ्या, दोघींच्या पावलाला चारच पेर. फरक काय तर पुढच्या पंखाच्या मुळाशी एक शीर असते, तिच्यावर घरमालकिणीला एक केस आणि भाडेकरणीला तीन-चार. अकरा झाडं आणि रफिकचं दुकान त्या केसांवर उभं होतं.

महापालिकेच्या उद्यान खात्याचे एक साहेब पाहणीला आले. मी बोलायला तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. "ताई, भाषण नको. कंपनी म्हणते सगळी रोगट, तुम्ही म्हणता सगळी चांगली. मला झाडागणिक लेखी द्या, कुठल्या झाडावर काय आहे. पंधरा दिवसांनी सोमवारी येतो."

काकांनी अकरा प्लॅस्टिकच्या बाटल्या बाहेरून काळ्या रंगवल्या. प्रत्येकीत एकेका झाडाच्या गाठी, आणि तोंडाला एक काचेची नळी. आत अंधार, नळीत उजेड. माशी गाठीतून निघाली की उजेडाकडं जाते आणि नळीत सापडते. मग ती स्पिरिटच्या छोट्या बाटलीत, आणि आत कागदाचं लेबल: झाड नंबर अमुक. गाठी तोडायचं आणि लेबलं लिहायचं काम माझ्याकडं होतं. मला अक्षराचा अभिमान. मी माझ्या पत्रकांच्या मजकुराचं खास जेल पेन काढलं आणि अकरा लेबलं अशी सुबक लिहिली की कुणी फ्रेम करावीत.

आठवड्यानं काकांनी तपासायला बाटल्या काढल्या. स्पिरिट निळसर झालं होतं आणि आतले कागद कोरे.

मला वाटलं ओरडतील. त्यांनी एकेक बाटली उजेडाला धरली, परत ठेवली आणि म्हणाले, "शिसपेन्सिल. स्पिरिटात शिसपेन्सिल. मी सांगितलं न्हाई, माझी चूक." ओरडले असते तर बरं झालं असतं.

तरी त्यांनी सगळ्या बघितल्या. दहा बाटल्यांत तीन-चार केसवाल्या भाडेकरणी भरपूर. एका बाटलीत सगळ्या एक केसवाल्या. एकही भाडेकरीण नाही. म्हणजे एक झाड असं होतं की ज्याला वाचवायला कुणी आलेलं नव्हतं, निदान तसं वाटत होतं. ते झाड कुठलं?

बाटल्या स्टँडवर मी क्रमानं ठेवल्या होत्या, एवढं मला आठवत होतं. माझ्या बाजूनं मोजलं तर ती चौथी होती. खिडकीच्या बाजूनं मोजलं तर आठवी.

"चौथी," मी म्हणाले. "मी माझ्या बाजूनंच ठेवते नेहमी. चार लिहा."

"नक्की?"

"बहुतेक."

चौथ्या झाडाखाली कुणी बसत नव्हतं. आठव्याखाली रफिक होता. मला चार हा आकडा सोपा वाटला, हे मी आज लिहिते आहे. तेव्हा स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. वर काकांनाच सुनावलं, "एक झाड गेलं तर दहा वाचतील, काका. तुमच्या वहीतल्या एका आकड्यासाठी सगळं घालवणार का?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडं एकदा लेबलं सुटली होती दोन पेट्यांची. एकानं अंदाजानं लावली. ब्रेकचे भाग होते." चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "पुढचं न्हाई सांगत." आणि वहीत लिहिलं: 'लेबल गेले. अकराही नमुने बाद.'

उरले सहा दिवस. पुन्हा गाठी तोडायच्या, पुन्हा बाटल्या. या वेळी काका स्वतः शिडीवर चढले, खालून मी शिडी धरलेली आणि काकू 'पडाल, पडाल' म्हणून ओरडत होत्या. आठव्या झाडाच्या गाठी रफिकनं पत्र्यावर चढून तोडल्या. "हे आपलं झाड, काका, हे मीच करतो," म्हणाला. आठ नंबरची बाटली त्यानं दुकानातच ठेवून घेतली. राखण करायला.

शनिवारी तो बाटली घेऊन घरी आला. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. नळी लखलखत होती.

"लई धूळ बसली होती, काका. साफ करून आणलीये."

"कशानं साफ केलीस?" काकांनी विचारलं.

"हवा मारली की. कार्ब्युरेटरचा जेट साफ करतो तशी."

कॉम्प्रेसरची हवा. त्या नळीत, जिच्यात आठ नंबरच्या माश्या बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला मलमलीचं बूच होतं म्हणून त्या उडून गेल्या नाहीत, मलमलीत घुसल्या. काकांनी बूच सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पंख फाटलेले, शिरा उघड्या, केस एकाही शिरेवर नाही. कुठं मिशीचे दोन मणी, कुठं नुसती छाती, कुठं पाय.

रफिक बघत होता. "काय झालं, काका?"

"काही न्हाई. चहा घे."

"ताई, काय झालं?"

मी सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही. रफिकनं चहा घेतला नाही. धुतलेल्या शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि उभ्याउभ्याच निघून गेला. बापाच्या वेळेपासून ज्या हवेनं पोट चाललं, त्याच हवेनं त्यानं आपला पुरावा उडवला होता.

रविवारी काकांनी सुट्टी मोडली. मी तिथं असेपर्यंत ही एकदाच. रात्रीपर्यंत बाकीच्या दहा झाडांचा हिशोब लागला: दहाही झाडांवर भाडेकरणी आहेत. चौथ्यावर तर सगळ्यात जास्त. म्हणजे मी ज्याच्यावर बोट ठेवलं होतं ते झाड चांगलं होतं. आणि मग उरलं काय? पहिल्या खेपेची ती एक वाईट बाटली या दहांपैकी कुठल्याच झाडाची दिसत नव्हती. राहिलं आठ. शाळेतलं पोरसुद्धा वजाबाकी करून सांगेल, मी स्वतःशी म्हणाले.

सोमवारी झाडांखाली सगळे जमले. साहेब, कंपनीच्या अ‍ॅडमिनचा एक माणूस, रफिक, मी. काकांनी वही उघडून सही केलेला कागद दिला. दहा झाडांपुढं नोंद होती, आठपुढं रेघ.

"आठ नंबरचं काय?" साहेबांनी विचारलं.

"सांगता येत न्हाई."

अ‍ॅडमिनचा माणूस सभ्य होता, आवाज चढवणारा नव्हता. "सर, दहा चांगली मानली तरी एक राहतंच ना? आणि त्याच्याखालीच हे अतिक्रमण आहे. तेवढं तरी मोकळं करून द्या."

मी काकांच्या कानाशी गेले. "चांगलं म्हणून टाका. कोण बघायला येतंय?"

"तू चार लिवायला सांगत हुतीस," ते तितक्याच हळू म्हणाले. "आता आठ चांगलं लिवायला सांगतीस. त्या झाडाला इचारलंस का येकदा तरी?" मग साहेबांकडं वळून, "मला धा दिवस द्या. माशी फुटलीये, पाय शिल्लक हायेत. पायावरनं कळंल."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पायावरून?"

"डीएनए, साहेब. पुण्याला धाडतो."

साहेबांनी झाडाकडं बघितलं, रफिकच्या पत्र्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. "दहा दिवस. अकरावा नाही. तोपर्यंत कुठल्याच झाडाला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी काका थर्मासात बर्फ आणि बर्फात बारीक नळ्या घालून बसनं पुण्याला निघाले. मी बरोबर होते. तिथल्या एका संस्थेत एक संशोधक बाई होत्या. काका त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचे. बस भरलेली. शेजारच्या माणसानं थर्मास बघून विचारलं, "काका, चहा दिसतोय?"

"पाय हायेत," काका म्हणाले. तो माणूस पुढच्या थांब्याला उठून दुसरीकडं बसला.

थर्मासात आठ नंबरच्या सहा वेगवेगळ्या माश्यांचा एकेक पाय होता, हे मला माहीत होतं. पण सोबत आणखी चार नळ्या होत्या. दोन ओळखलेल्या घरमालकिणींचे पाय आणि दोन ओळखलेल्या भाडेकरणींचे. मी विचारलं, ओळखलेल्या कशाला पाठवायच्या?

"मशीन फक्त सांगतं, हा त्याच्यासारखा हाय आन ह्याच्यासारखा न्हाई. पर तो कोन, हे आधी कुनीतरी डोळ्यानं बघून ठरवावं लागतं. ओळखलेला शेजारी बसवल्याबिगार ते बी आंधळंच." खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "आन नुसत्या डोळ्याला बी भागत न्हाई. केस तुटला की डोळा संपला. दोघं लागत्यात."

त्या दहा दिवसांत रफिक एकदाच घरी आला. दारातच उभा राहिला.

"काका, एकच विचारतो. आठ गेलंय ना?"

"म्हाईत न्हाई."

"अंदाज तर असेल."

"अंदाज हाय. पर तो मी हिला बी सांगितला न्हाई."

"मला कधी काय सांगितलंय ह्यांनी," काकू आतून म्हणाल्या. मग बाहेर येऊन त्यांनी रफिकच्या हातात डबा दिला आणि म्हणाल्या, "पोरा, हा मानूस वाईट बातमी दाबून ठेवत न्हाई. न्हाई म्हणाला म्हंजे खरंच त्याला म्हाईत न्हाई. जेव आन झोप." रफिकला तेवढ्यानं झोप लागली का, माहीत नाही. मला लागली नाही. मी दोनदा पत्रक लिहायला बसले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या ओळीला अडले, कारण तिथं आकडा यायचा होता.

नवव्या दिवशी सकाळी दहाला, चहाच्या वेळेत, डॉक्टरीणबाईंचा फोन आला. काका ऐकत होते आणि पेन्सिलीनं वहीत लिहीत होते. मला फक्त त्यांची बाजू ऐकू येत होती. "व्हय... सहा धाडले हुते... येक वाचता आला न्हाई, बरं... मंग पाच... पाचही? परत सांगा... आमच्या ओळखलेल्या नळ्यांशी जुळवून बघितलं ना?... बरं." फोन ठेवला. चहाचे उरलेले दोन घोट संपवले. मग म्हणाले, "पाच पाय. पाचही भाडेकरणी."

मी खालीच बसले, जमिनीवर. काकू म्हणाल्या, "देवा." आज चाकणला बसून हे लिहिताना, मध्ये इतकी वर्षं जाऊनही, त्या फरशीचा गारवा मला आठवतो.

पण मग पहिल्या खेपेची ती वाईट बाटली? मी विचारल्याशिवाय राहिले नाही.

"त्या खेपेला गाठी कोनी तोडल्या?"

"मी."

"हाताला लागतील त्या. एका झाडाला खाली नुस्ता कवळा फुटवा हुता, तिथल्याच तोडल्यास. कवळ्या गाठीतनं आधी घरमालकीण निघती, भाडेकरीण मागनं. ह्या खेपेला मी शिडीवरनं जुन्या गाठी घेतल्या. ती बाटली झाडाबद्दल बोलतच नव्हती, पोरी. तुझ्या उंचीबद्दल बोलत हुती."

"हे तुम्हाला आधीच वाटलं होतं?"

"वाटलं हुतं."

"मग बोलला का नाहीत? आम्ही मेलो असतो काळजीनं."

"वाटण्यानं आठ नंबर वाचवलं असतं, तर वाटण्यानं चार नंबर तोडलं बी असतं," ते म्हणाले, आणि दहा मिनिटं संपली होती म्हणून परत खिडकीपाशी जाऊन बसले. साडेतीनपर्यंत उठले नाहीत. मी दार आणि खिडकी यांच्यामध्ये नुसती फेऱ्या मारत होते. बातमी काकांनी स्वतः सांगायची होती, आणि काका शिफ्टवर होते.

साहेबांच्या कागदावर पुढं काय आलं तेही सांगते: झाडं राहतील, फार गाठी असलेले शेंडे छाटायचे, पण जाळायचे नाहीत, जाळीच्या पिंपात ठेवायचे, म्हणजे भाडेकरणी उडून परत झाडावर जातील. हे काकांनी घालायला लावलं. अ‍ॅडमिनच्या माणसानंच मग पिंप दिलं. मी त्या माणसाविरुद्ध लिहिलेलं अर्धं पत्रक फाडून टाकलं. थोडं वाईट वाटलं, मथळा चांगला जमला होता.

फोन आला त्या दिवशी साडेतीनला आम्ही सायकलवर निघालो. आठव्या झाडाखाली एक माणूस जुनी मोटारसायकल धरून उभा होता. सायलेन्सरमधून निळा धूर येत होता. रफिक त्याला समजावत होता, "भावा, सांगितलं ना, इंजिनचं काम घेत नाही सध्या. पुढच्या चौकात ने."

"परवा बी हेच सांगितलंस. बापाच्या वेळेपासून इथंच आणतो मी गाडी."

तेव्हा मला उमगलं की इतके दिवस त्यानं पंक्चर आणि ब्रेक यांच्यापलीकडं काही हातात घेतलं नव्हतं. दुसऱ्याचं इंजिन खोलून बसायचं आणि मधेच जागा गेली तर ते सुटे भाग घेऊन माणसानं कुठं जायचं?

काका सायकलवरून उतरले. "पाच पायांचं वाचन आलं," ते म्हणाले. "आठ नंबर चांगलं हाय."

हातातलं फडकं रफिकनं एकदा इकडून आणि एकदा तिकडून दुमडलं. वर झाडाकडं बघितलंसुद्धा नाही. मग त्यानं त्या माणसाच्या हातून गाडी घेतली, ढकलत पत्र्याखाली नेली आणि मधल्या स्टँडवर चढवली.

"ठेवून जा," तो म्हणाला. "इंजिन पूर्ण खोलावं लागेल. आठवडा तरी लागणार."